सगळ्यात मोठी ओळ खोडून बघा

पत्र

मी २९ वर्षांचा आहे. दिवसा नोकरी आणि रात्री अ‍ॅफिलिएट मार्केटिंगची वेबसाइट (वाचकाने माझ्या लिंकवरून काही घेतलं की मला कमिशन), असं दोन वर्षं चाललंय. साइटवर १८० लेख आहेत: मोबाइल, हेडफोन, बूट, मिक्सर, शिलाई मशीन, जे खपेल ते. पहिलं वर्ष कोरडं गेलं. मग अचानक कमाई वाढली, पाच महिने तर पगाराच्या निम्म्याहून जास्त येत होतं. आणि मग एका पंधरवड्यात गुगलवरून येणारे वाचक तिसऱ्या हिश्शावर आले. ते अजून परतलेले नाहीत. मला आता पाच वर्षांचा पक्का आराखडा करायचा आहे. लेख ५०० पर्यंत न्यावेत का? एआय वापरून महिन्याला शंभर होतील. एक जुनी, चालू साइट विकायला आहे, ती घ्यावी का? नोकरी कधी सोडावी? तोवर नातेवाइकांना माझ्याच लिंकवरून खरेदी करायला सांगतोय, तेवढाच हातभार. बायको म्हणते, हे खूळ बंद कर. सोबत हिशेबाची शीट जोडली आहे.

— धडपड्या

उत्तर

प्रिय धडपड्या,

शीट जोडलीत हे फार बरं केलंत. या विषयावरच्या दहातल्या नऊ पत्रांत 'कमाई किती वाढेल?' असं विचारलेलं असतं आणि आत्ता कमाई कुठून येते याचा पत्ता नसतो. तुमची शीट मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा चहा बाजूला ठेवून वाचली, कारण तुमच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं तुम्हीच तिथे लिहून ठेवली आहेत, फक्त ती चुकीच्या स्तंभात आहेत.

आधी पाचशे लेखांचं बोलू, कारण त्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ वाया जाईल. शीटमध्ये तुम्ही पडझडीला 'अपघात' म्हटलं आहे. मला तो अपघात वाटत नाही. गुगलने एप्रिल २०२१ मध्ये खास उत्पादनांच्या परीक्षणांसाठी अपडेट आणला, तेव्हाच सांगितलं होतं की वरवरच्या सारांशापेक्षा खोलात जाऊन, अभ्यासून लिहिलेल्या परीक्षणाला वर जागा मिळेल. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी पानाचा दर्जा तपासणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत 'अनुभव' हा शब्दच घातला. मार्च २०२४ मध्ये तर नियम आला की केवळ शोधात वर यावं म्हणून घाऊक प्रमाणात पाडलेला मजकूर हा गैरवापर समजला जाईल, मग तो माणसाने पाडलेला असो की यंत्राने. आणि तुमच्या बुटांच्या लेखाचं पहिलं वाक्य आहे: 'आजच्या धावपळीच्या युगात योग्य बूट निवडणं महत्त्वाचं आहे.' तुम्ही ते बूट पायात घातलेले नाहीत. वाचणाऱ्याला ते कळतं, मला कळलं, आणि आता शोधयंत्रालाही थोडंफार कळायला लागलंय. उंटावरून शेळ्या हाकण्याचे दिवस या धंद्यात संपत आलेत. एआयने महिन्याला शंभर लेख लिहिलेत तर उंट बदलेल, शेळ्या तिथेच राहतील.

(एआयचं वावडं मलाही नाही. शुद्धलेखन, लांबलेलं वाक्य तोडणं, तुलनेचा तक्ता मांडणं, याला जरूर वापरा. पण ज्या मशीनचा आवाज त्याने ऐकलेला नाही त्याबद्दल मत मागू नका.)

आता शीटमधल्या ४७व्या ओळीकडे या. 'टाके सुटतात? मशीन बदलण्याआधी सुई बदला.' हे पान तुम्ही दीड वर्षापूर्वी लिहिलंत आणि शेजारी शेरा मारलात: 'आईसाठी लिहिलं, पैसे नाहीत.' पडझडीत तुमचे बाकीचे लेख कोसळले तेव्हा हे पान जागचं हललं नाही. शिलाई मशीनवरचे तुमचे एकूण अकरा लेख आहेत. १८० पैकी अकरा. आणि गेल्या चार महिन्यांत हातात पडलेल्या कमिशनपैकी जवळजवळ निम्मं त्या अकरांतून आलं आहे. तुम्ही ते पाहिलं नाहीत, कारण तुम्ही कमाई महिन्यावार मांडली आहे. ती पानावार मांडा. आजची रात्र त्यातच घाला.

मी ते पान उघडून वाचलं. आईच्या मशीनचा फोटो आहे, सुईचं बोथट टोक भिंगाखाली दाखवलंय, १४ नंबरची सुई कुठल्या कापडाला आणि १६ नंबरची कुठल्या, हे शिवून दाखवलंय. खालचा दोरा गुंततो तेव्हा लोक आधी बॉबिनला दोष देतात आणि खरं कारण बहुतेकदा वरच्या दोऱ्याच्या ओवणीत असतं, हे तुम्ही चार ओळींत सांगितलंय. नवं मशीन घ्यायला निघालेल्या माणसाला तुम्ही सुयांच्या एका पाकिटावर परत पाठवता. वरवर हा आतबट्ट्याचा व्यवहार. सुयांच्या पाकिटावर कमिशन ते किती!

पण याच पानाच्या क्लिकवरून काय काय विकलं गेलं ते बघा: सुया, बॉबिन, कात्री, दोऱ्यांचा संच, आणि सात महिन्यांत पाच मशीन. याचं अर्धं कारण यंत्रणेत आहे. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी तुमच्या लिंकवरून आत गेलेल्या माणसाने २४ तासांत जे काही घेतलं त्यातल्या पात्र वस्तूंवर तुम्हाला कमिशन मिळतं, तुम्ही सुचवलेल्याच वस्तूवर असं नाही. त्या २४ तासांत त्याने वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली, तर क्लिकपासून ८९ दिवसांच्या आत ऑर्डर केली तरी ती तुमच्या खात्यात धरली जाते. उरलेलं अर्धं कारण यंत्रणेत नाही. ज्याने तुम्हाला एकदा 'घेऊ नका' म्हटलं, त्याच्याकडेच माणूस 'मग घेऊ काय?' विचारायला परत येतो. ती पाच मशीन सुयांच्या पानाने विकली आहेत. मशीनच्या जाहिरातवजा लेखाने एकही विकलेलं नाही, शीट तुमचीच आहे, तपासा.

तर पाच वर्षांच्या आराखड्यातला पहिला निर्णय हा: साइट शिवणकामाची करा. मोबाइल, हेडफोन, बूट, मिक्सर, सगळं सोडा. शीटप्रमाणे १८० पैकी ११२ लेखांनी वर्षभरात काहीच दिलेलं नाही. ते काढून टाका. थोडं काही चांगलं असेल ते दुसऱ्या पानात घाला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणी लावा. काढताना जीव तुटेल, त्यात तुमच्या रात्री गेल्या आहेत. तरी काढा. पुढच्या वर्षी चाळीस नवे लेख पुरेत, आणि प्रत्येकात निदान एक गोष्ट अशी असू द्या जी तुम्ही किंवा आईने हाताने करून बघितली आहे. विषय संपतील ही भीती नको. जीन्सचं जाड कापड घरच्या मशीनवर कसं शिवायचं, ताणलं जाणारं कापड का सुरकुततं, सेकंडहँड मशीन घेताना चाक फिरवून काय तपासायचं, कुठल्या मशीनचे सुटे भाग दहा वर्षांनीही मिळतात, एवढ्यावरच दोन वर्षं जातील.

आणि लेखनाचा निम्मा वेळ जुन्या पानांना द्या. हे कुणाला आवडत नाही, कारण त्यात नवं काही केल्याचं समाधान नसतं. पण या धंद्यात पान नासतं. मॉडेल बंद होतं, लिंक मेलेल्या पानावर जाते, किंमत बदलते. (किंमत हाताने लिहूच नका. अ‍ॅमेझॉनच्या अटींत ते बसत नाही, आणि आठवड्यात ती खोटी ठरते.) दर तीन महिन्यांनी प्रत्येक कमावत्या पानावरची प्रत्येक लिंक स्वतः दाबून बघा. तुमच्या सहा लिंका सध्या 'वस्तू उपलब्ध नाही'वर जातात, त्यातली एक ४७व्या ओळीवरच्या पानात आहे. दुकान उघडं आणि गल्ला बंद, असं झालंय ते.

आता कमिशनचं. तुमची ८३ टक्के कमाई एकाच कंपनीकडून येते. ती कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण दर ठरवताना ती तुम्हाला विचारणार नाही. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या आपल्या अ‍ॅफिलिएट कार्यक्रमाचे दर कापले: फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावर ८ टक्क्यांचे ३ झाले, किराण्यावर ५ चा १. सूचना आणि अंमलबजावणी यांत जेमतेम आठवडा होता. ज्यांची सगळी साइट सोफ्यांवर उभी होती त्यांचे वाचक तेवढेच राहिले, मेहनत तेवढीच राहिली, आणि उत्पन्न एका मेलने निम्म्याच्या खाली गेलं.

माझाही एक किस्सा आहे. काही वर्षांपूर्वी मी एका सॉफ्टवेअर कंपनीची शिफारस करायचे. दरमहा चालू राहणारं कमिशन, तेही चढं, म्हणून मी त्यांच्यावर एकामागून एक पानं लिहिली. एका सकाळी मेल आला की कार्यक्रम बंद होतोय, धन्यवाद. दोन महिन्यांचं येणं बाकी होतं, ते आजतागायत आलेलं नाही. पण मला खरं लागलं ते वेगळंच. ती पानं परत वाचली तेव्हा लक्षात आलं की त्या सॉफ्टवेअरचे दोष मला माहीत होते आणि मी ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, गोड शब्दांत लपवले होते. कमिशनचा दर माझं पेन धरत होता. तेव्हापासून आधी लेख लिहिते आणि मगच कुणाचं कमिशन किती ते बघते. हा क्रम तुम्हीही पाळून बघा.

प्रत्येक कमावत्या पानावर निदान दोन विक्रेते असू द्यात. एक मोठा बाजार, एक शिवणसाहित्याचं खास दुकान किंवा थेट मशीन बनवणारी कंपनी. खास दुकानांची कुकी (वाचक कुणाच्या लिंकवरून आला याची ब्राउझरमध्ये राहणारी नोंद) बहुतेकदा जास्त दिवसांची असते, ३० दिवसांची सर्रास, आणि दरही बरा असतो. मात्र माल वेळेवर पोचवतात का, हे स्वतः एकदा मागवून बघा. वाचकाला उशीर झाला तर शिव्या तुम्हालाच पडणार.

'कुकी' म्हटलं म्हणून एक सांगते. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने २०१७ पासून माग काढणाऱ्या कुकींवर बंधनं आणायला सुरुवात केली आणि मार्च २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या (म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांनी ठेवलेल्या) कुकी पूर्ण बंद केल्या. त्यामुळे कागदावरचे ३० दिवस काही वाचकांच्या बाबतीत ३० नसतात. शिवाय बहुतेक ठिकाणी शेवटचा क्लिक ज्याचा त्याला कमिशन, असा नियम असतो. तुम्ही वाचकाला तासभर समजावलंत आणि पैसे भरायच्या क्षणी ब्राउझरमध्ये बसवलेल्या कुठल्याशा कूपनच्या एक्स्टेंशनने आपली लिंक पुढे सरकवली, की तुमच्या वाट्याला शून्य. यावर तुमच्या हातात फारसा उपाय नाही. डॅशबोर्डवरच्या, म्हणजे कंपनीच्या कमिशन दाखवणाऱ्या पानावरच्या, आकड्याला उत्पन्न मानायचं नाही, एवढं करता येतं.

आणि इथेच नोकरीचा प्रश्न येतो. शीटमध्ये तुम्ही विक्री झाली त्या महिन्यात कमाई धरली आहे. ती तशी हातात येत नाही. माल परत गेला की कमिशनही परत जातं, आणि अ‍ॅमेझॉन तर महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पैसे सोडतं. मार्चमधली विक्री म्हणजे मेअखेरचे पैसे. म्हणून वेगळा स्तंभ करा: बँकेत जमा झालेले. नोकरीचा विचार त्याच स्तंभावरून करायचा.

मग अशी परीक्षा घ्या. मागच्या बारा महिन्यांचा जमा झालेला आकडा लिहा. त्यातून सगळ्यात जास्त देणारं पान खोडा. मग सगळ्यात जास्त देणारा विक्रेता खोडा. उरलं त्यावर घर चालतं का? समजा वर्षाला १०० जमा झाले. पहिल्या पानाचे ३० गेले, राहिले ७०. त्या ७० मधले ४५ मोठ्या विक्रेत्याचे, राहिले २५. तुमचं घर २५ वर चालत असेल तर नोकरी सोडा. आज तुमच्या शीटवर ही परीक्षा घेतली तर उरतात ९. बायकोचं म्हणणं त्या ९ वर उभं आहे, तिने शीट न बघता काढलेलं उत्तर बरोबर आलंय.

या खोडाखोडीतून पुढच्या पाच वर्षांत काय करायचं तेही निघतं. दरवर्षी हीच परीक्षा, आणि खोडल्यानंतर उरलेला आकडा मागच्या वर्षीपेक्षा मोठा हवा. एकूण कमाई घटली तरी चालेल, हा आकडा वाढला पाहिजे. पहिल्या वर्षी एकूण घटणारच, कारण मोबाइल, हेडफोन, बूट, मिक्सर सगळं तुम्ही सोडलेलं असेल. तिसऱ्या वर्षी तो आकडा घरखर्चाला पुरला आणि वर सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला असेल, तर मला परत पत्र लिहा. तोवर नोकरी राहू द्या. नोकरी आहे म्हणूनच तुम्ही वाचकाला 'मशीन घेऊ नका' म्हणू शकता. पुढच्या महिन्याचं भाडं त्या मशीनवर अवलंबून असतं तेव्हा ते वाक्य लिहिताना हात अडखळतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

शोधावर सगळं ठेवू नका हे तुम्ही ऐकलंच असेल, सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात: सुयांच्या पानाखाली ईमेलची नोंदणी ठेवा. पंधरा दिवसांनी एक मेल, एका अडचणीवर, आईच्या हातखंड्याचा. मेलमध्ये थेट अ‍ॅफिलिएट लिंक चालते की नाही हे प्रत्येक कार्यक्रमाच्या अटींत बघा. आपल्या पानाची लिंक देणं केव्हाही सुरक्षित. चारशे लोक झाले की तेच तुम्हाला पुढचा लेख सांगतील.

नातेवाइकांचं ताबडतोब थांबवा. स्वतःसाठी किंवा ओळखीच्यांना सांगून आपल्या लिंकवरून खरेदी करवणं अ‍ॅमेझॉनच्या अटींत बसत नाही. दोन-चार ऑर्डरींच्या हातभारापायी खातं बंद झालं तर साठलेलं कमिशनही जाईल. तसंच 'या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळतं' हे वाक्य तळटीपेत बारीक अक्षरात आहे ते वर, पहिल्या लिंकच्या आधी आणा. अशी कमाई वाचकाला उघड सांगावी, असं अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनची (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेची) मार्गदर्शक तत्त्वं ब्लॉग लिहिणाऱ्यांना २००९ पासून सांगतात. लिंकच्या कोडात 'स्पॉन्सर्ड'ची खूण लावा, गुगलने ती २०१९ मध्ये त्याचसाठी आणली. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

विकाऊ साइटबद्दल. घेऊ नका, निदान या वर्षी तरी. तुम्हाला तुमच्या साइटवरची कुठली ओळ कमावते ते आत्ता कळलंय, दुसऱ्याची कशी कळणार? तरी मोह आवरत नसेल तर विकणाऱ्याला म्हणा, मला स्क्रीनची चित्रं पाठवू नका, माझ्यासमोर लॉगिन करून गेल्या चोवीस महिन्यांचे जमा झालेले पैसे आणि शोधातून आलेले वाचक दाखवा. आलेख चढा असताना कोणी का विकतंय, हे त्याच्या तोंडून ऐका. आणि अ‍ॅफिलिएट खाती सहसा साइटबरोबर हस्तांतरित होत नाहीत, तुम्हाला ती नव्याने मागावी लागतात, मिळतीलच असं नाही. अ‍ॅमेझॉनचं नवं खातं तर पहिल्या १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर बंद होतं.

बायकोला ही शीट दाखवा, ९ चा आकडा झाकू नका. आणि रात्री किती वाजेपर्यंत बसणार हे तिच्याशी ठरवा. माझ्या अंदाजाने तिचा राग साइटवर नाही, घड्याळावर आहे. चूक असेन तर कळवा.

जाता जाता, सुयांच्या पानावर एक दुरुस्ती करा. 'सुईची सपाट बाजू नेहमी मागे' असं तुम्ही लिहिलं आहे. आईच्या मशीनला ते बरोबर आहे. पण ज्या जुन्या मशीनमध्ये बॉबिन डावीकडून बसवतात आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात, तिथे सपाट बाजू डावीकडे येते. दोरा ज्या बाजूने सुईत शिरतो त्या बाजूला लांब खाच, सपाट बाजू त्याच्या उलट, असं लिहा. 'नेहमी' काढा. जुनं मशीन घेऊन बसलेली कुणीतरी बाई तुमचं ऐकून सुई उलटी लावत असेल, तिचा एकही टाका पडणार नाही आणि ती पुन्हा तुमच्या पानावर येणार नाही.